शमकाची यादी

२०६१ साली नागपुरात कुकरच्या शिट्टीने कोणी दचकत नसे. जवळजवळ प्रत्येकाच्या कानामागे मसुराएवढा 'शमक' असे. ज्या मेंदूला जो आवाज असह्य होतो तेवढाच तो पुसून टाकी. बाकीचे जसेच्या तसे पोचत. आधी तो फक्त स्वमग्न माणसांसाठी, त्यांनाच विचारून घडवला होता. पुढे सगळ्यांनाच हवासा वाटला.

घडवणाऱ्यांत हेमांगी तडस होती, स्वतः स्वमग्न. चार वर्षं प्रयोगशाळेत बसून कोणता आवाज किती टोचतो ते तिने सांगितलं. शमक लावून ती तिसाव्या वर्षी पहिल्यांदा एकटी भाजीबाजारात गेली.

फेब्रुवारीत धाकटी बहीण वैदेही आली. तिचा नवरा जाऊन पंधरा दिवस झाले होते. ती खिडकीकडे तोंड करून बसली. हेमांगीने चहा दिला, मागे बसून शब्दकोडं सोडवलं. घर शांत होतं. वैदेही न सांगता उठून गेली. संध्याकाळी तिचा मेसेज आला : 'मी तीन तास रडले, ताई. तू मानसुद्धा वर केली नाहीस.'

दुसऱ्या दिवशी हेमांगी प्रयोगशाळेत डॉ. शहनाज तडवींकडे गेली.

"मला काहीच ऐकू आलं नाही. बिघडलाय का हा?"

"नाही." डॉक्टरांनी जुनी यादी उघडली. "मिक्सर, भोंगा, फटाके... सातवं बघ. 'माणसाचं रडणं.' तूच सांगितलं होतंस."

"सहन होतच नाही मला."

"म्हणून तर काढलं."

"पण मी कान झाकून खोलीबाहेर तरी पळाले असते! मला पोचलंय, एवढं तरी तिला कळलं असतं."

डॉक्टर यादी मिटत म्हणाल्या, "ही नोंद आता बहुतेक सगळ्या शमकांत आहे. लोकांनी मागून घेतली."

हेमांगीने शमक काढून टेबलावर ठेवला. कानांवर हात दाबून ती बसने वैदेहीकडे पोचली. वैदेहीने दार उघडताच हेमांगीला रडू फुटलं.

"वैदू, मला खरंच..."

"रडतेयस ना? दिसतंय," वैदेही मायेने म्हणाली. तिच्या कानामागे नवा शमक होता. "पण रडण्याबरोबर शब्दही पुसले जातायत गं. सासूबाईंचं रडणं ऐकवेना, म्हणून कालच लावला."

हेमांगीने खुणेने विनवलं, काढ ना.

"नको, ताई. काल पहिल्यांदा झोप लागली."

हेमांगीचं रडू थांबेना. वैदेही समोर वाटाणे सोलत, ती शांत होण्याची वाट बघत बसली.