फुमीआजींचं लाल नाव

दफनभूमीत सहलीला जायची कल्पना उत्तराची, कौमुदीच्या मैत्रिणीची. तिच्या मते तोक्योत चेरीची फुलं बघायला यानाकाच्या जुन्या दफनभूमीइतकी छान जागा नाही. झाडं मोठाली, जपानचा शेवटचा शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, तिथेच निवांत झोपलाय, आणि मुख्य म्हणजे तिथली मंडळी अजिबात कलकलाट करत नाहीत. ग्योतोकु उपनगरातली सगळी मराठी कुटुंबं डबे बांधून तयार झाली. कौमुदी मात्र ‘निवांत झोपलाय’ एवढं ऐकूनच निघाली.

तिला शोगुनचा हेवा वाटला होता.

तीन वर्षं एका बँकेच्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर घासून घासून तिची पार चिंधी झाली होती. येत्या बुधवारी ती कायमची पुण्याला परत निघाली होती. आईने तिकडे गादी नवी भरून घेतली होती, आणि कौमुदीच्या डोक्यात सध्या त्या गादीपलीकडे काहीही नव्हतं.

“मी बॅगा सांभाळते, तुम्ही फोटो काढून या,” म्हणून ती एका थडग्याच्या कट्ट्यावर टेकली. वाऱ्याची झुळूक आली की पाकळ्या भुरभुरायच्या. तिने पोळीला लोणचं लावलं, एक घास घेतला, आणि घास तोंडात असतानाच तिचा डोळा लागला.

जाग आली ती बरणी आडवी झाल्याच्या आवाजाने.

कैरीचं लोणचं! आईने खास पाठवलेलं, वर बोटभर तेल असलेलं. ते तेल आता पॉलिश केलेल्या दगडावर ओघळत होतं. कौमुदी धडपडत उठली, नळाजवळची बादली, लाकडी डाव आणि घासणी घेऊन आली आणि घासायला लागली. डाग निघाले. पण दगडावर कोरलेल्या अक्षरांत लाल रंग दिसत होता... तो काही केल्या निघेना.

“स्मॉल प्रॉब्लेम, कौमुदी-सान?”

हा आवाज! रोज संध्याकाळी पर्स उचलली रे उचलली की हाच आवाज प्रोजेक्टच्या दुसऱ्या ऑफिसातून फोनवर यायचा — स्मॉल प्रॉब्लेम, कौमुदी-सान. मग तिची शेवटची गाडी चुकायची. लाईनवर जपानी साहेब असायचे म्हणून भांडणं इंग्रजीत व्हायची. समोरासमोर दोघं कधी आलीच नव्हती.

तिने वळून पाहिलं. राक्षस निघेल असं वाटलं होतं. निघाला एक हडकुळा, चष्मेवाला मुलगा... डोळ्यांखाली तिच्याइतकीच काळी वर्तुळं.

“अंबरीष-सान?”

“तुम्ही लोणच्याने शिलालेख लिहिताय?”

“थट्टा नंतर करा. तेल अक्षरांत गेलंय. कुणी आलं तर जोडे मारतील मला.”

“जपानी माणसं जोडे मारत नाहीत. मीटिंग बोलावतात.”

“त्यापेक्षा जोडे परवडले हो!”

तो बाह्या सरसावून खाली बसला. कौमुदीने केसांतली पिन काढून दिली. मग काय विचारता! दोघं इंजिनियर. तिने पाणी ओतायचं, त्याने पिनेने खाचांतला लाल रंग कोरायचा, असं कामाचं वाटपही झालं. लाल पापुद्रे टपटप पडत होते. मध्येच त्याचं कपाळ तिच्या कपाळावर आपटलं, तो “सॉरी” म्हणाला आणि उगाच जास्तच लाजला.

“निघालं! बघा, एक बग न ठेवता क्लोज केलं.”

तेवढ्यात मागे कुणीतरी खाकरलं. हातात फुलं घेतलेल्या, ताठ कण्याच्या एक आजी उभ्या होत्या. त्यांनी दगड पाहिला. या दोघांना पाहिलं. पुन्हा दगड पाहिला आणि शांतपणे जपानीत म्हणाल्या, “ते माझं नाव होतं.”

अंबरीषने दचकून कौमुदीला मराठीत समजावलं. खरं तर तिला जपानी उत्तम यायचं. पण ते तिने ऑफिसात कुणाला कळू दिलं नव्हतं, कारण जपानी येतं असं कळलं की मीटिंगा दुपटीने वाढतात. आत्ताही ती मुकाट्याने ऐकत राहिली.

आजी सांगत होत्या — नवरा गेला तेव्हा थडग्यावर त्याच्या शेजारी त्यांचंही नाव कोरून घेतलं. फुमी. माणूस जिवंत असेपर्यंत नावात लाल रंग भरतात. गेलं की काढतात.

“म्हणजे...” कौमुदीने तोंडावर हात ठेवला.

“म्हणजे आज दुपारी तुम्ही मला मारलंत,” आजी म्हणाल्या, आणि एकदम दगडाला धरून इतक्या हसायला लागल्या की त्यांच्या हातातली फुलं गळून पडली. “बरं झालं! आता संध्याकाळी सुनेकडे जेवायला जायला नको.”

अंबरीष कंबरेत वाकून वाकून माफी मागत होता. कौमुदीने मात्र उत्तराची पर्स उलटी केली. कंगवा, रेल्वेचा पास, चुरमुरे... आणि लाल नेलपॉलिश. तिने बाटली आजींपुढे धरली. आजींनी रंग उन्हात निरखला. “फार भडक आहे,” म्हणाल्या. मग डोळा मिचकावला. “त्याला आवडेल.”

कौमुदी भरायला बसली. पण ब्रश खाचेबाहेर घसरायला लागला. इतक्या रात्रींचं जागरण कुठेतरी निघणारच ना! अंबरीषने न विचारता तिच्या मनगटाखाली आपला तळवा धरला. तिने मनगट त्यावर टेकवलं. एकेक अक्षर भरत गेलं, वरून एक पाकळी ओल्या रंगावर चिकटली, आणि आजी म्हणाल्या, “राहू दे ती.”

तो तळवाही मग बराच वेळ तिथेच राहिला.

आजींनी पिशवीतून भाताचे गोळे काढले, वरून लाल गोड डाळ लावलेले. नवऱ्यापुढे एक ठेवला, या दोघांना एकेक दिला. दफनभूमीत खाताना आई बघती तर कौमुदीला आधी अंघोळ घालती, मग बोलती. पण चव थेट पुरणाची होती. कौमुदीने डोळे मिटून खाल्लं.

निघताना आजी काहीतरी म्हणाल्या.

“काय म्हणाल्या?” कौमुदीने साळसूदपणे विचारलं.

“म्हणाल्या...” अंबरीषने चष्मा पुसला. “म्हणाल्या, इतकी चांगली मुलगी जपान सोडून जाऊ देऊ नकोस.”

“बादली जागेवर ठेवून जा, म्हणाल्या.”

तो गोरामोरा झाला. “तुला... तुम्हाला जपानी येतं?”

“तूच म्हण आता. खोटं पकडलं गेलंय, कसलं अहो-जाहो! आणखी काय काय खोटं बोललायस?”

तो बादलीच्या कडीशी चाळा करायला लागला. “फोन.”

“कसले फोन?”

“सगळेच बग खरे नव्हते... म्हणजे, सुरुवातीचे होते. नंतर तू इतकं सुंदर चिडायचीस की... दिवसभर माझ्याशी कुणी मनापासून बोलायचं नाही गं. तू निदान मनापासून भांडायचीस.”

कौमुदी उभीच राहिली. गेल्या हिवाळ्यात चुकलेल्या सगळ्या गाड्या तिच्या डोळ्यांपुढून धडधडत गेल्या. गार भात, स्टेशनवरचे बंद होत जाणारे दिवे, टॅक्सीच्या रांगा...

“नालायका! माझं तीन किलो वजन घटलं! तुझ्या त्या प्रेमापायी मी देश सोडून चाललेय!”

“माहितीय. म्हणून तर उत्तराच्या नवऱ्याचे पाय धरून आज आलो. माफी मागायला.” तो जरा थांबला. “आणि... जाऊ नकोस म्हणायला.”

ती कट्ट्यावर बसली. चिडायचंही त्राण नव्हतं. आत कुठेतरी मात्र भलतंच हलकं वाटत होतं, आणि त्याचाच तिला राग येत होता.

“मी जाणार,” ती म्हणाली. “बुधवारी. दमलेय रे मी. प्रेमात पडायला लागते तेवढीसुद्धा शक्ती नाहीय आत्ता.”

त्याने ‘बरं’ म्हणून मान हलवली.

तो बादली ठेवून आला. दूरवर उत्तरा हाका मारत होती. दोघं पायवाटेने निघाली, तिची पावलं रेंगाळत, त्याची त्याहून रेंगाळत.

“तू राहतोस कितव्या मजल्यावर?” तिने अचानक विचारलं.

“तिसऱ्या. लिफ्ट नाहीय. का?”

“मंगळवारी माझा फ्रिज टाकून द्यायचाय. फोन करा, नंबर लावा, चिठ्ठी चिकटवा... या देशात फ्रिजचं सुद्धा क्रियाकर्म करावं लागतं.”

“मी येऊन टाकून देतो.”

“टाकू नकोस.” ती समोर बघत म्हणाली. “तुझ्याकडे ठेव.”

“माझ्याकडे आहे गं फ्रिज.”

“मग दोन ठेव.”

तो चार पावलं पुढे गेला आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. जागीच थांबला. “किती दिवस?”

“माझी झोप होईपर्यंत,” कौमुदी म्हणाली. “आणि आतलं दूध तेवढं तू पिऊन टाक.”