खालचा थर

पाय वर घेऊन बस ना, लादी गार आहे. आणि मधे हसायचं नाही हं, आधीच सांगून ठेवते.

तर काय झालं, मी मेडिकलमधून आईचे डोळ्यांचे ड्रॉप्स घेऊन घरी येत होते. भर दुपार होती. कानात हेडफोन, आणि हेडफोनमध्ये माझं नेहमीचं वेड. तुला माहितीये ना? गेम मला एक धड खेळता येत नाही, पहिल्या दारातच मरते मी. पण त्या गेम्सचं संगीत! म्हणजे भुताच्या गेम्सचं. ओसाड दवाखाने, बंद शाळा, आणि मागे वाजणारं ते... कसं सांगू, पाठीवरून कुणीतरी गार चमचा फिरवतंय असं वाटतं. मला आवडतं ते. म्हणजे, आवडायचं.

नवीन संगीत भुंग्याने शोधून दिलं होतं. भुंगा म्हणजे ऑफिसमधला माझा मित्र, दिवसभर गुणगुणतो म्हणून भुंगा. कुणीतरी एकट्याने बसून बनवलेला गेम, फारसा कुणी खेळलेलाही नाही. भुंग्याने त्याच्या फाइल्स फोडून त्यातल्या घराचं संगीत काढलं आणि मला पाठवलं. पियानोचे थोडेसेच सूर, तेच ते, न संपणारे. जसं काही शेजारच्या खोलीत कुणी पियानो वाजवत नाहीये, नुसता फडक्याने पुसतंय. मी वेडी झाले ऐकून. दिवसभर तेच.

आता आईचं सांगते. आईच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. उजव्याने तिला लहानपणापासून अंधुकच दिसतं, त्यामुळे तिचं शिवणकाम, सुईत दोरा ओवणं, आम्हा दोघी बहिणींची तोंडं, सगळं त्या एका डोळ्यावर. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला आणि म्हणाले, "हा पडदा दाबून धरेल. पण बुडबुडा वर तरंगतो, म्हणून तोंड कायम खाली पाहिजे. मान वर केली आणि बुडबुडा सरकला, तर डोळा गेला समजा."

म्हणून आम्ही एका मसाजवाल्याकडून टेबल भाड्याने आणलं. ते नसतं का, तोंडासाठी भोक असलेलं? आई त्यावर पालथी, तोंड भोकात, डाव्या डोळ्यावर पट्टी, आणि उजव्याला दिसणार काय, तर खालची लादी. ताई कामावर जायची, मी घरूनच काम करायचे आईजवळ बसून.

"मगर झालीये माझी नुसती," आई म्हणायची. "लाव गं तुझी ती भुताटकी. तेवढाच विरंगुळा."

मग तिच्या खोलीत स्पीकरवर तो पियानो चालू राहायचा. आवडला होता तिलाही. म्हणायची, यात झोप छान लागते. फक्त दुपारी माझ्या मीटिंगा असायच्या, तेव्हा तो बंद करून मी बैठकीत जाऊन बसायचे.

त्या दुपारी मी घरी आले, ड्रॉप्स फ्रिजमध्ये ठेवले, फोन स्पीकरला जोडून आईला तिचा पियानो लावून दिला आणि स्वयंपाकघरात चहा टाकला. आणि ऐकते तर काय, पियानोच्या खालून दुसरंच काहीतरी वाजतंय. जाड, खरखरीत. जड कपाट अगदी हळू सरकवल्यासारखं, पण सुरात.

मला इतकं भारी वाटलं ना! ताईचा जुना फोन तिथेच चार्जिंगला होता, त्यावरून लगेच भुंग्याला फोन लावला.

"अरे, ते खालून येतं ते कसलं कमाल आहे! आधी कसं ऐकलं नाही मी?"

"खालून काय?"

"ते घासल्यासारखं. खर्जातलं."

"ते तुझ्याकडे कुठून येणार?" भुंगा म्हणाला. "मी तुला फक्त पियानो पाठवलाय. त्या गेमचं संगीत थरांचं आहे. पियानो कायम चालू. ती घरात शिरली की त्याखाली खर्ज सुरू होतो. तू असशील त्याच खोलीत आली की बाईचा श्वास."

"ती म्हणजे कोण?"

"दिसतच नाही ना शेवटपर्यंत. मजा तीच आहे. ती अगदी तुझ्याजवळ आली की सगळं थांबतं, एकच सूर उरतो. तेव्हा वळून बघायचं नाही. बघितलं की खेळ खल्लास."

"आणि ते बाकीचे थर..."

"फाइल लॉक आहे. मलाच अजून उघडता आलेली नाही. ए, फिरकी घेतेस ना माझी?"

मी हो म्हटलं. फोन ठेवला. स्पीकर फाटला असेल, असं स्वतःला समजावलं. म्हणून बैठकीत जाऊन माझा फोन उचलला, हेडफोन जोडले, स्पीकर गप्प झाला. कानात पियानो. आणि खर्ज.

मी घरात फिरायला लागले. वेडेपणाच, पण काय करणार. गॅलरीत गेले तर खर्ज अगदी पुसट. बैठकीत जरा जाड. पॅसेजमध्ये आले आणि दात शिवशिवायला लागले. आईच्या दारात पाय ठेवला, आणि कानात कुणीतरी श्वास घेतला. बाईचा. लांबलचक, जिना चढून आल्यासारखा.

तेवढ्यात आई म्हणाली, "किती वेळ उभी राहशील? बस ना गं."

मी एका कानावरचा हेडफोन सरकवला. "कोणाला म्हणतेस?"

आईचा आवाज बदलला. "तू... दारात आहेस?"

"हो."

"मग हे पाय..."

मला दारातून सगळं दिसत होतं, अगदी स्वच्छ. टेबल, आईची पाठ, खाली लादी. लादी रिकामी होती.

"रोज दुपारी येतेस की," आई हळूच म्हणाली. "उभी राहतेस. बोलत नाहीस. मला वाटलं, पोरीला काळजी वाटते..." मग थांबली. "ओले आहेत गं पाय."

आणि तिच्या मानेची शीर ताठ झाली. मान वर करायला लागली ती. साहजिक आहे ना? कुणीही करेल.

मी आधी काय केलं माहितीये? संगीत बंद केलं. आणि ते सगळ्यात वाईट. आता ती कुठे आहे तेच कळेना. डोळे काढून घेतल्यासारखं झालं मला. पुन्हा चालू केलं आणि सरळ टेबलाखाली घुसले, पाठीवर. वर भोकात आईचा चेहरा, रक्त उतरून लाल झालेला. तिची हनुवटी धरली मी.

"आई, माझ्याकडे बघ. फक्त माझ्याकडे."

"कोण आहे गं?"

"कुणी नाही. मान वर नको. डोळा जाईल, आई."

"बघू तरी दे..."

"नको ना..."

केवढी ताकद असते गं आईंमध्ये! शिवणयंत्र एकटीने उचलणारी बाई ती. तिच्या उजव्या डोळ्यातलं पाणी टपकन माझ्या गालावर पडलं. कुठूनतरी करपल्याचा वास येत होता. कानात खर्ज थांबला. मग पियानो. मग श्वाससुद्धा.

एकच सूर उरला. बारीक. काचेच्या ग्लासच्या कडेवरून बोट फिरवावं तसा.

मी आईच्या चेहऱ्याशिवाय कुठेही बघितलं नाही. शप्पथ. आणि आई, जी एवढी ओढ लावत होती, ती अचानक ढिली पडली. मान खाली. डोळा मिटून घेतला तिने.

किती वेळ गेला देव जाणे. मग दाराची किल्ली फिरली आणि ताईचा आवाज. "अगं बये, चहाचं पातेलं जाळलंस की! घर पेटवायचंय का?"

कानात पियानो सुरू झाला. नुसता पियानो.

ताईला मी काही सांगितलं नाही. तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टर खूश. पडदा जागच्या जागी, बुडबुडा हळूहळू विरघळतोय. पुढे पट्टी निघाली, टेबल परत गेलं. भुंग्याला मी काही बोलले नाही, आई आणि मी आपसातही बोललो नाही. वाटलं, संपलं.

काल आई खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती. पहिल्या झटक्यात ओवला. मला दाखवून हसली.

"तुझ्यामुळे हो," म्हणाली. "त्या दिवशी मी उठलेच होते. अजिबात ऐकणार नव्हते तुझं. पण तू असं काही धरून ठेवलंस!"

"हनुवटी धरली नुसती," मी म्हटलं.

"हनुवटी धरलीस ती वेगळी. वरून डोकं दाबलंस ना तू, त्याने खाली गेले मी." तिने स्वतःच्या डोक्यामागे, केसांवर हात ठेवून दाखवला. "केवढा गार हात गं तुझा. पण बरं वाटलं."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? माझे दोन्ही हात खाली होते. तिच्या हनुवटीला.

मगाशी पाय वर घे म्हटलं ना तुला? घे ना. लादी गार आहे म्हणून नाही म्हणत मी. ओली झालीये ती.