मोराग आजीचा कोळसा

नाक मुरडू नकोस, वरुण. शेजारच्या म्हाताऱ्याच्या घराला वास येतो हे जेवताना तू तीनदा सांगितलंस. येत असेल. एकट्या माणसाच्या घराला येतोच. पण ते सांगताना तुझा चेहरा जसा झाला ना, तसा मी आधी एकदा पाहिलाय आणि पुढे काय झालं तेही मला ठाऊक आहे. ऋतिका, तो डेकवरचा दिवा बंद कर, किडे यायला लागलेत. बसा दोघं इथे.

ऐकीव गोष्ट नाही ही. ज्याच्यावर गुजरली तो दत्तप्रसाद, माझ्या पुण्यातल्या मित्राचा मुलगा. त्याने हे मला माझ्याच गाडीत बसून सांगितलं, खिडकीच्या काचा वर करून. सांगताना दोनदा दार उघडून ओकायला उतरला.

दत्तप्रसाद आयटीत. सिडनीत केलीव्हिलला घर घेतलं त्याने आणि नीलिमाने, त्याच्या बायकोने. शेजारी जुनं विटांचं घर, त्यात मोराग नावाची स्कॉटिश म्हातारी एकटी राहायची. वय सत्त्याऐंशी. नवरा तिकडे स्कॉटलंडात कोळशाच्या खाणीत होता, खाण बंद पडल्यावर दोघं इकडे आली. मूलबाळ नाही. नवरा गेला त्यालाही बरीच वर्षं झाली. पन्नास वर्षं ऑस्ट्रेलियात काढली, पण बाई राहायची स्कॉटलंडातच म्हणा ना. चाळीस डिग्रीत खांद्यावर चौकड्यांची लोकरी शाल. सकाळी ओटची पेज, ती मीठ घालून. साखर घालणाऱ्याला ती माणसात धरत नसे. जानेवारीत मेंढीच्या कोथळ्यात काळीज, ओट आणि मसाला भरून तासन् तास शिजवायची आणि शेजारी घेऊन यायची. दत्तप्रसादने पहिल्यांदा खाल्लं आणि म्हणाला, आजी, ही तर आमच्या वजडीची बहीण. तिथून गट्टी जमली. पहिल्या हिवाळ्यात नीलिमाला न्यूमोनिया झाला, तेव्हा ही ऐंशी ओलांडलेली बाई अकरा दिवस रोज सूप घेऊन येत होती. अकरा दिवस. हे लक्षात ठेवा.

तिचा मोठा सण ख्रिसमस नव्हे, एकतीस डिसेंबरची रात्र. त्या दिवशी घर लख्ख करायचं. चुलाणातली राख बाहेर. बाराच्या ठोक्याला मागचं दार उघडून जुनं वर्ष घालवायचं, पुढचं उघडून नवं आत घ्यायचं. आपण लक्ष्मीपूजनाच्या रात्री सूप वाजवून अवदसा काढतो, त्यातलाच प्रकार. मग बारानंतर जो पहिला उंबरठा ओलांडेल त्याचा पायगुण वर्षभर. तो काळ्या केसांचा पुरुष हवा. रिकाम्या हाताने यायचं नाही, हातात कोळसा हवा. आणि कोळसा फायरप्लेसमध्ये ठेवेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. ठेवला की ती केक देणार, व्हिस्की देणार आणि म्हणणार, तुझ्या धुराड्यातून सदा धूर निघो. नवरा होता तोवर प्रश्न नव्हता. तो गेल्यावर तिला हा मिळाला, डोक्यावर काळंभोर रान असलेला पुणेकर.

कोळसासुद्धा साधा नाही. नवऱ्याने खाणीतल्या शेवटच्या पाळीला खिशात घातलेला. मोठ्या सुपारीएवढा, जड, आणि त्याला तांब्याच्या तारेची कडी. एक जानेवारीला सकाळी नऊला ती दत्तप्रसादला न्याहारीला बोलवायची आणि तो कोळसा पत्र्याच्या डबीत घालून त्याच्या हवाली करायची. वर्षभर त्याने सांभाळायचा. त्यानेही चार वर्षं सांभाळला. पहिल्या वर्षी तर देव्हाऱ्याशेजारी ठेवला होता.

मग म्हातारी थकली. घर आवरेना. मांजर सोफ्यावर करायची ते दिसेना. फ्रिजमध्ये काय काय सडत पडलेलं असायचं. घराला वास यायला लागला आणि त्याच सुमाराला नीलिमाला दिवस राहिले. तिला कसलाच वास सहन होईना. तिला मी बोल लावत नाही, पोटुशी बाई ती. पण हा? हा तिच्या आडून सुटला. आधी रोज जायचा, मग आठवड्याने, मग कुंपणावरून हात हलवायचा. डिसेंबरात तर गाडी आल्या आल्या गराजचं दार खाली ओढायचा, न जाणो म्हातारीने हाक मारली तर. मला म्हणाला, काका, मला तिची किळस येत होती. मी म्हटलं, मला तुझी येतेय. तोंडावर म्हटलं मी त्याच्या. अजून येते.

ऑक्टोबरात बाळासाठी गराज आवरताना ती डबी त्याच्या हाताला लागली. उघडली, तर आतल्या फडक्याला तिच्या घराचा वास. ह्याने डबी बिनमध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी आली आणि घेऊन गेली.

एकवीस डिसेंबरला म्हातारीचा फोन. केक झालाय, माझा कोळसा कोरडा आहे ना, पहिला पाय तुझाच ना? हा म्हणाला, नो वरीज. इथे आलं की आपली माणसं हे दोन शब्द आधी शिकतात आणि सगळं त्याखाली झाकतात. फोन ठेवला आणि तिकडे फिरकलासुद्धा नाही. दहा दिवस. कुंपणाला कुंपण लागून घर.

आता तो दिवस. मंगळवार, एकतीस डिसेंबर दोन हजार चोवीस. उकाडा असा की रात्री दहालासुद्धा रस्ता तापलेला. नीलिमा झोपली होती, तिची तारीख बारा जानेवारी. हा टीव्हीवर फटाके बघत बसला होता आणि काम एवढंच होतं, कोळसा घ्यायचा, पन्नास पावलं चालायची, यायचं. कोळसा तर टाकलेला. मग ह्या इंजिनियरने काय करावं? बार्बेक्यूच्या पिशवीतून एक तुकडा घेतला, घासून गोल केला आणि जुनी केबल सोलून तांब्याची तार काढली. तिची कडी करून बसवली. म्हाताऱ्या डोळ्यांना काय कळतंय. मला हे सांगताना त्याने मान वर केली नाही. अरे, जाऊन सांगायचं ना, आजी, चूक झाली, हरवला. दोन शिव्या खायच्या. पण नाही. अक्कल लावली.

बारा वाजून सात मिनिटांनी तो घरातून निघाला. घड्याळ बघितलं होतं त्याने.

तिचं पुढचं दार उघडं होतं. दरवर्षी असतं तसंच. आत अंधार. त्याला वाटलं, दिवे मालवून बसली असेल, उकाड्यात अंधार बरा वाटत असेल. उंबरठा ओलांडला आणि वास आला. नेहमीचाच, पण जाड. गोडसर. नाकातून घशात उतरणारा. त्याने तोंडाने श्वास घ्यायला सुरुवात केली, तर तो जिभेवर बसला. बोलायचं नव्हतंच, म्हणून बरं. दोन मिनिटं काढू, तो स्वतःला म्हणाला. कोळसा ठेवू, केक खाऊ, सुटू.

खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा पट्टा आत येत होता. त्यात खुर्चीची पाठ दिसली. खांद्यावरची शाल दिसली. पांढरे केस. ती फायरप्लेसकडे तोंड करून बसली होती.

तो वाकला. कोळसा ठेवला. हलका होता... ठेवल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

"हॅपी न्यू इयर, आजी."

काही नाही.

धुराड्यातून धूर निघो, हे शब्द यायला हवे होते. चार वर्षं आले होते. तो वाट बघत तसाच वाकून राहिला. कुठेतरी माशा घोंगावत होत्या. रात्री... अंधारात... पुष्कळ माशा.

"आजी, रागावलात?"

काही नाही.

मग त्याच्या पाठीमागे बशी टेबलावरून सरकली. टेबलाच्या काचेवर चिनी मातीचा आवाज, लांबलचक. थांबला.

तो वळला. बशी टेबलाच्या कडेला होती. त्याच्या बाजूच्या. केकचा एक तुकडा, शेजारी कागदी रुमाल. व्हिस्की नव्हती.

तुम्ही म्हणाल, पळाला का नाही. मीही विचारलं. तो म्हणाला, काका, मला लाज वाटली. पाच आठवडे मी आलो नव्हतो. ती रागावून बोलत नाहीये असं वाटलं. म्हटलं, खाऊन टाकू, म्हणजे फिटलं.

त्याने खाल्लं.

तो केक काळाच असतो, मनुकांनी गच्च भरलेला, वरून पिठाचं कवच. हा मऊ होता. ओला. कवच बोटांना चिकटलं. मनुका... जिभेवर मनुका हलल्या.

मनुकाच असतील. तो तसंच म्हणतो. मीही तसंच म्हणतो.

त्याने गिळलं. दुसरा घास घेतला. आणि दाताला काहीतरी कडक लागलं. कट्ट. मुळापर्यंत कळ गेली. चांगल्या घरचा मुलगा, थुंकणार कसा? रुमाल तोंडाला लावला, घास त्यात काढला, घडी केली, खिशात टाकली.

  शालीवरून काहीतरी खाली पडलं... तांदळाच्या दाण्याएवढं. मग आणखी एक.

तो निघाला. पळाला नाही, चालत निघाला, पाठ न वळवता. घरी येऊन दात घासले. तीनदा घासले.

सकाळी नऊला न्याहारीची वेळ. नीलिमानेच पाठवला, म्हणाली, वर्षाचा पहिला दिवस आहे, जाऊन ये. गेला तर दार बंद. बेल वाजवली, हाका मारल्या. खिडकीच्या काचेवर आतून काळा थर. जवळ जाऊन पाहिलं, तर थर हलत होता. माशा.

पोलीस आले. दार आतून लावलेलं, वर साखळी. मागचंही तसंच. तोडायला लागलं. जी पोलीसबाई आत जाऊन आली तिने अंगणातच नळाखाली तोंड धुतलं. मग ह्याला विचारलं, शेवटचं कधी पाहिलंत?

हा म्हणाला, काल रात्री. बाराला.

 ती हळू आवाजात म्हणाली, "नो, मेट. चार दिवस झालेत. कमीत कमी."

चार दिवस. त्या उकाड्यात, त्या खुर्चीत. सत्तावीस तारखेच्या आसपास केव्हातरी गेली. घर आवरून झालं होतं तिचं, त्या वयात, त्या गुडघ्यांनी. बशी मांडलेली होती. आणि शेजारी कुंपणापलीकडे हा गराजचं दार खाली ओढत होता. वास आला असेल ना तेव्हा? आला होता. त्याने कबूल केलं. आला तेव्हा ह्याने खिडक्या लावून घेतल्या.

पोलीसबाईला त्याने फायरप्लेसमध्ये बघायला सांगितलं, तिथे माझा कोळसा असेल म्हणाला. तिने बघितलं. फायरप्लेस झाडून लख्ख होतं, त्यात काही नव्हतं. टेबलावर केक होता. कशी अवस्था झाली होती त्याची, ते मी सांगत नाही, तुम्ही आत्ताच जेवलात. त्यातला एक तुकडा कापलेला होता. बशी रिकामी.

तो घरी आला, बाथरूममध्ये गेला आणि पित्त पडेपर्यंत ओकला. मग रात्रीची पँट आठवली. धुवायच्या टोपलीतून काढली. खिशात हात घातला. कागदी रुमाल होता. ओला... चिकट... आणि जड.

घडी उघडली.

कोळसा होता. त्याने बनवलेला नव्हे. जुना, सुपारीएवढा, गुळगुळीत. तांब्याची कडी हिरवट पडलेली आणि तिच्यावर त्याच्या दाताची ताजी खूण. ऑक्टोबरात कचऱ्याच्या गाडीतून गेलेला.

मैथिली नाव ठेवलंय मुलीचं. छान आहे, गुटगुटीत. बारसं झालं, मी गेलो होतो. तेव्हा त्याने मला देव्हाऱ्यापाशी नेऊन तो कोळसा माझ्या ह्या तळहातावर ठेवला. गार होता आणि बाहेर फेब्रुवारीचं ऊन. वासही होता, किंचित. मी लगेच परत दिला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, कशाला घरात ठेवतोस लहान मुलापाशी, टाकून दे.

तो नव्या डबीचं झाकण लावत राहिला. मग म्हणाला, "काका, एकदा टाकून बघितला ना."