चौथ्या विहिरीची घागर

“अहो, जरा पाणी मिळेल का?”

शल्मतने मान वर केली. भुरभुर पाऊस पडत होता – माणसाला भिजवायचं की नाही हे अजून न ठरवलेला पाऊस. समोर एक तरुण उभा होता, आणि त्याच्यामागे त्याच्याहून दमलेलं एक गाढव. गाढवाच्या पाठीवर जड गोण्या, तरुणाच्या भुवयांवर पाण्याचे थेंब.

“पाणी विहिरीत आहे,” ती म्हणाली. “विहीर दगडाखाली आहे. आणि तुमच्याजवळ ना दोर दिसतो, ना भांडं.”

“म्हणून तर मागितलं.”

कट्ट्यावर बसलेल्या बायकांत खसखस पिकली.

उरहाय गावाच्या हारानकडच्या वेशीबाहेरची ही विहीर. दैसान नदी गढूळ झाली की गावातल्या बायका इथे येत. तोंडावरचा दगड मोठा. दुपारी मेंढपाळ येऊन तो सरकवत आणि तोवर बायका कट्ट्यावर बसून गावाची खबरबात घेत. शास्त्रातल्या याकोबाने राहेलसाठी एकट्याने दगड सरकवला ती विहीर हारानला, पुरी एका दिवसाची वाट. पण उरहायच्या बायकांना विचारलं तर खरी विहीर हीच.

“एवढासा तर दगड,” तो तरुण म्हणाला. “सरकवतो मी. तुमची घागर भरा आणि घोटभर मला द्या.”

कट्टा एकदम गप्प झाला. कारण या विहिरीचा एक रिवाज होता. लग्नाच्या मुलीच्या घागरीसाठी कुणी तरुणाने एकट्याने दगड सरकवला, की ती मागणी धरली जाई.

शल्मतने त्याला सांगायला हवं होतं. पण थंडीत वडील तापाने गेले तेव्हापासून तिला हसू आलं नव्हतं, आणि आत्ता ते ओठांच्या कोपऱ्यापर्यंत येऊन थांबलं होतं. बोललं तर पळेल, म्हणून ती गप्प राहिली.

त्याने बाह्या सरसावल्या. दगड जरासा हलला, डुगडुगला आणि परत जागेवर बसला – त्याच्या बोटासकट. तो ओरडला नाही. फक्त गाढवाकडे बघून डोळे घट्ट मिटले. शल्मत धावली, तिने दगडाला खांदा लावला. त्याने मोकळ्या हाताने रेटलं. दगड कुरकुरत बाजूला झाला.

“याकोबाने एकट्याने सरकवला होता,” ती धापा टाकत म्हणाली.

“याकोब पायी आला होता. मी निसिबीनपासून या जनावरावर बसून आलोय. कंबर शाबूत असती तर मीही…”

आणि ती हसली. चांगली मोठ्याने हसली. मागे बायकांची वादावादी सुरू झाली – एकट्याने सरकवला तर मागणी, पण दोघांनी मिळून सरकवला तर काय? कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिने ओढणीची किनार फाडून त्याच्या बोटाला बांधली. त्याने ओंजळीने पाणी प्यायलं, गाढवाला पाजलं, मग विचारलं, “मारिहब कारागिरांची भिंत कुठेशी आहे? ख्रिस्ती मंदिरातल्या बाप्तिस्म्याच्या खोलीत, असं ऐकलंय. ती पुरी करायला मला बोलावलंय. माझं नाव हनान.”

तिचं हसू गेलं.

“मारिहब माझे वडील,” ती म्हणाली. “वेशीतून सरळ जा.” आणि घागर उचलून चालू लागली.

*

त्या भिंतीवर चार विहिरी व्हायच्या होत्या. ओल्या चुन्यात काचेचे नि दगडाचे बारीक तुकडे बसवून मारिहबने तीन पुऱ्या केल्या होत्या. पहिल्या विहिरीवर रिबका, अब्राहामाच्या मुलासाठी मुलगी बघायला आलेल्या नोकराच्या उंटांना पाणी पाजणारी. दुसऱ्या विहिरीवर राहेल, आपली मेंढरं घेऊन. तिसऱ्यावर सिप्पोरा, आणि तिला त्रास देणाऱ्या मेंढपाळांना हाकलणारा मोशे. चौथी विहीर शुभवर्तमानातली. भर दुपारी थकून विहिरीवर टेकलेला येशू आणि त्याच्याशी बोलणारी, मग घागर तिथेच टाकून गावाकडे धावणारी शोमरोनी बाई. येशू झाला होता, विहीर झाली होती. बाईच्या जागी नुसता गिलावा होता.

मारिहबचं म्हणणं असं की ही चौथी बाई कुठून उपटलेली नाही. आधीच्या तिघींच्या वाटेनेच ती चालत आली आहे, आणि बघणाऱ्याला ती ओळखीची वाटली पाहिजे. म्हणून त्याने प्रत्येकीच्या घागरीत एकाच निळ्या काचेचे तुकडे बसवले होते. ती काच शल्मतच्या आईच्या वाडग्याची. आईने लग्नात आणलेला वाडगा. आई गेली त्या वर्षी फुटला, आणि मारिहबने त्याचा कण न् कण जपून ठेवला. चौथ्या घागरीपुरता निळा अजून शिल्लक होता. घरात, मसुराच्या मडक्यात, एका पुरचुंडीत. शल्मतने तो तिथे दडवला होता आणि कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

तिसऱ्या प्रहरी ती मंदिरात गेली. नुसतं बघायला, असं तिने स्वतःला सांगितलं.

हनान भिंतीसमोर मांडी घालून बसला होता. कामाला हातही लावला नव्हता.

“कारभारी बर्सौमा तुम्हाला बसण्याचे पैसे देतात वाटतं?”

“बसण्याचे नाही, बघण्याचे.” त्याने वळूनही पाहिलं नाही. “रिबकेच्या नाकातली नथ कुणाची कल्पना?”

“पेनिन्ना मावशींची. आमच्या शेजारच्या. यहुदी, रेशमाचे व्यापारी आहेत ना, त्यांच्या घरच्या. बाबा प्रत्येक बाईबद्दल त्यांना विचारायचे. त्या म्हणाल्या, आमच्या शास्त्रात नथ आहे म्हणजे आहे, ती वगळशील तर पुन्हा या घरचं जेवण मिळणार नाही.”

“नथ छान आहे.” मग जरा थांबून तो म्हणाला, “तुम्ही माझ्यावर रागावलात. बोटापेक्षा ते जास्त दुखतंय.”

“रागावले नाही.”

“मग?”

बाबांच्या मचाणावर दुसऱ्या कुणाची चप्पल आहे… हे काय कुणाला सांगायचं असतं? तिने खाली बसून खडे रंगांप्रमाणे वेगळे करायला घेतले. ते तिला लहानपणापासून येत होतं. त्याने नुसती एक टोपली तिच्याकडे सरकवली.

उपासाचे दिवस चालू होते. पुनरुत्थानाचा सण तोंडावर आला होता. सणाला नव्या लोकांचा बाप्तिस्मा याच खोलीत व्हायचा होता. शल्मत रोज येऊ लागली. हनान काम करताना गुणगुणायचा, आणि बेसूर.

“तुमच्या गाण्याने सिप्पोराची मेंढरं बिथरतील.”

“निसिबीनला माझ्या गाण्याचं कौतुक होतं.”

“म्हणूनच तुम्हाला इतक्या लांब पाठवलं असेल.”

एक दिवस ती आली तेव्हा शोमरोनी बाईचं डोकं तयार होतं. मान खाली, पदर कपाळापर्यंत. शल्मत बघत राहिली.

“आवडलं नाही,” हनान म्हणाला.

“मान खाली का?”

“सगळे तशीच करतात. पाच नवरे झालेली बाई… लाजलेली असणार.”

“ती लाजली असती तर विचारलं असतं का, तू आमच्या याकोबापेक्षा मोठा लागून गेलास काय म्हणून?” शल्मतचा आवाज चढला. “बाबा म्हणायचे, आधीच्या तिघींच्या वाट्याला बोलणं फार कमी आलं. कुणी पाणी दिलं, कुणी मेंढरं राखली, सिप्पोरा तर विहिरीवर तोंडातून शब्द काढत नाही. त्या तिघींचं सगळं साठलेलं ही बोलून घेते. हिची मान वर पाहिजे.”

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की बाबांचं नाव घेताना आज आवाज फुटला नव्हता.

हनानने भिंतीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग पटाशी घेतली आणि चार दिवसांची मेहनत खरवडून काढली.

“अहो, निदान चेहरा तरी…”

“चेहराही बदलायचाय,” तो म्हणाला. “मान वर केलेली बाई कशी दिसते, ते मी विहिरीवर पाहिलंय.”

शल्मतने भराभर हिरव्या खड्यांत पिवळे मिसळून टाकले, आणि मग ते सगळे पुन्हा निवडत बसली.

*

सणाला थोडे दिवस राहिले. बाई झाली – ताठ मानेची, बोलताना हात हलवणारी. फक्त तिच्या घागरीची जागा मोकळी होती.

कारभारी बर्सौमा रोज येरझाऱ्या घालत. “अरे बाबा, बाजारातून निळी काच आण आणि मोकळा हो. घागर ती घागर.”

“ही नाही,” हनान म्हणायचा. “जरा थांबू या.”

शल्मत कोपऱ्यात खडे निवडत होती. कारभारी गेल्यावर तिने खालच्या आवाजात विचारलं, “कशासाठी थांबायचं?”

“तिन्ही घागरींत एकच काच आहे, ते मी पहिल्याच दिवशी पाहिलं. एवढा जपून वापरणारा माणूस चौथीसाठी राखून ठेवल्याशिवाय राहणार नाही.”

“मग… मागितली का नाही?”

“विहिरीवर एकदा पाणी मागितलं तर बोट चेचलं. आता जे मिळेल ते न मागता मिळू दे.”

ती घरी आली ती सरळ पेनिन्ना मावशीच्या अंगणात. मावशी वल्हांडणाच्या सणासाठी घर झाडत होती. शल्मतला तिनेच वाढवलं होतं, त्यामुळे तोंड बघून पोटातलं ओळखायची.

“काय गं, तुमच्या भिंतीवर आमच्या पोरी सुखी आहेत ना? राहेलला किती राबवता तुम्ही लोक. तिकडे मेंढरं, इकडे भिंत.”

“मावशी, बाबांचा निळा माझ्याकडे आहे.”

“ठाऊक आहे. मसुराच्या मडक्यात. गेल्या महिन्यात मी मसूर उसने नेले ना, तेव्हा हाताला लागला. म्हटलं, देईल तेव्हा देईल.” मावशीने झाडू खाली ठेवला. “का दिला नाहीस?”

“दिला की भिंत पुरी होईल. मग बाबांचं काहीच करायचं राहणार नाही.”

“बरं. आणि?”

“आणि काय?”

“भिंत पुरी झाली की आणखी कोण गाढवावर गोण्या लादणार आहे?”

शल्मत अंगणातल्या फरशीकडे बघत राहिली.

मावशीने तिची हनुवटी वर केली. “हे बघ पोरी, तुझा बाप माझ्या ओट्यावर बसून तासन्तास बोलायचा, ही त्या चौघींतली चौथी, हिच्यात आधीच्या तिघी दिसल्या पाहिजेत. मला काही त्याचं सगळं पटायचं नाही. आमच्या तिघी आमच्यापुरत्या पुऱ्या आहेत, त्यांना चौथीची गरज नाही, असं मी त्याला तोंडावर सांगायची. तो हसायचा आणि आणखी एक अंजीर उचलायचा. पण एक खरं. तो काच मडक्यात राहावी म्हणून जपत नव्हता.”

संध्याकाळी शल्मतने मडक्यात कोपरापर्यंत हात घातला. पुरचुंडी थंड होती, आणि वाटली होती त्याहून हलकी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ती हनानच्या तळहातावर ठेवली. त्याने चुना कालवला, गिलाव्याचा एक हात दिला आणि मचाणावर तिला जागा करून दिली.

“पहिला तुम्ही लावा.”

तिने लावला. बोटाखाली चुना गार, मऊ. मग त्याने एक लावला, मग तिने. खिडकीतून ऊन आलं तेव्हा चारही घागरी एकदमच उजळल्या, जणू कुणी एकच पाणी चारीकडे ओतलं होतं. शल्मतच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने चुन्याच्या हाताने पुसलं.

“गालाला लागला,” तो म्हणाला.

“असू दे.”

*

सण झाला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं त्या खोलीतून ओल्या केसांनी बाहेर आली, आणि प्रत्येक जण जाताना चौथ्या विहिरीपाशी क्षणभर थांबला.

त्यानंतरच्या एका दुपारी शल्मत घागर घेऊन वेशीबाहेर गेली. कट्ट्यावर कुणी नव्हतं. नदी निवळली होती, बायका गावातच पाणी भरत होत्या. विहिरीजवळ हनान उभा होता. गाढवावर गोण्या लादलेल्या.

“निघालात?”

“निघायचंय. निघवत नाही.” त्याने दगडावर हात टेकला. “एक विचारायचं होतं. त्या रिवाजाचं मला आल्या दिवशीच संध्याकाळी कळलं. कारभाऱ्यांनी सांगितलं, हसून हसून. मी तोंड लपवून बसलो होतो… तुम्ही का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता.”

“खरं आहे,” तो म्हणाला. “तेव्हा थांबलो असतो. आज नसतो.”

वाऱ्याने तिची ओढणी उडाली. किनार अजून फाटकीच होती. तिने ती शिवली नव्हती.

“मग ती मागणी झाली का नाही?” त्याने विचारलं. “गावात अजून वाद चालू आहे.”

शल्मतने मान वर केली. “दगड दोघांनी सरकवला होता. म्हणजे अर्धी मागणी तुझी.”

“आणि उरलेली?”

“ती माझी होती.”

त्याचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. इतके दिवस टोल्याला टोला देणारा हा माणूस शेवटी बिनआवाजाचा झालेला पाहून तिला इतकं हसू आलं, की तिथे उभं राहणं कठीण झालं. ती वळली आणि वेशीकडे चालू लागली – आधी सावकाश, मग भराभर.

“अगं, घागर राहिली…”

“माहीत आहे,” तिने न वळता सांगितलं. “भिंतीवरच्या चौथीचीही राहिली होती. तू घेऊन ये.”

पेनिन्ना मावशी दारातच बसली होती. “पाण्याला गेली होतीस ना? घागर कुठंय?”

“विहिरीवर.”

मावशीने तिच्या लाल झालेल्या तोंडाकडे पाहिलं. मग गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. तिकडून एक तरुण येत होता, खांद्यावर डचमळती घागर, अर्धं पाणी अंगावर, आणि मागून गोण्यांसकट एक गाढव.

“रिबकेच्या वेळी उंट होते,” मावशी म्हणाली आणि उठली. “चालायचंच. चल, आत जाऊन अंजिरं काढ. दमलेला दिसतोय.”