बारावा दगड

तिनं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते मोजणीच्या दुर्बिणीतून, आणि तेही तो मध्ये आला म्हणून.

"बाजूला व्हा जरा!"

"मी रखवालदार आहे इथला."

"असाल. पण नकाशात तुम्हाला जागा नाहीये."

माळावर अकरा उभ्या दगडांचं रिंगण होतं आणि मधोमध जमिनीखाली तीन हजार वर्षांपूर्वी पुरलेला कुणीतरी माणूस. या सगळ्यांवर लक्ष ठेवण्याचा त्याला पगार होता. काम जोखमीचं नव्हतं. सात वर्षांत एकाही दगडानं पळून जायचा प्रयत्न केला नव्हता. त्या आठवड्यात मात्र तो टेपचं एक टोक धरून भर उन्हात उभा राहिला, आणि टेपच्या दुसऱ्या टोकाकडे जरा जास्तच पाहत राहिला. आठव्या दिवशी ती गेली. वळणावर तिनं मागे वळून पाहिलं... निदान त्याला तसं वाटलं.

वर्षभरानं ती पुन्हा येणार अशी चिठ्ठी कचेरीतून आली. त्या सकाळी डबा हातात देताना वहिनी म्हणाली, "भावजी, शर्टाला इस्त्री? दगड नावं ठेवायला लागले की काय?"

ती आली, हसली, कामाला लागली. दुपारी मात्र तिचा चेहरा उतरला.

"बारा आहेत," ती म्हणाली. "गेल्या वर्षी मी अकरा लिहिलेत."

त्यानं आभाळाकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं.

"चार वाजता साहेब येतायत, माझीच मोजणी तपासायला. अजून तात्पुरतीच आहे मी. जिला बारापर्यंत मोजता येत नाही, तिला कोण कायम करणार?"

बारावा दगड त्यानंच आणला होता. ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी, ओढ्यातून, पहार लावून, ढकलत ढकलत. रिंगणात बाहेरचा दगड आणू नये असं पाटीवर ठळक लिहिलं होतं, आणि ती पाटी पुसायचं कामही त्याच्याकडेच होतं. त्यानं रिंगणाला दोन फेऱ्या मारल्या. तिसरीला पाय उचलेना.

"तो मी ठेवलाय."

"काय?"

"बारावा. बसायला."

ती रागावली नाही. तिनं पिशवीतून एक फॉर्म काढला. तिच्या कचेरीत आगंतुक दगडांसाठीसुद्धा फॉर्म होता.

"लिहा. कोणी, कधी, कशासाठी."

त्यानं लिहिलं : बसण्यासाठी.

"हे अपुरं आहे. सावली तिकडे, आणि तुमची बैठक इकडे उन्हात. साहेब विचारणारच."

"इथून रस्ता दिसतो."

"रस्त्यावर एवढं काय आहे?"

"काही नाही..." तो म्हणाला. "वर्षभर तर काहीच नव्हतं."

तिनं वही उगाचच उघडली, मिटली. "मग... तसंच लिहा."

त्यानं लिहिलं : मोजणीच्या बाई परत येतात का, हे पाहण्यासाठी. खाली सही केली. "माझी नोकरी जाईल," तो म्हणाला.

"जाईल कदाचित." तिनं फॉर्म वहीत ठेवला. "गेल्या वर्षीची मोजणी बरोबर होती. बोटभरही चूक नव्हती."

"मग तुम्हाला परत कशाला पाठवलं?"

"पाठवलं नाही. मीच अहवालात लिहिलं — मापं शंकास्पद, पुन्हा मोजावी लागतील." ती कानापर्यंत लाल झाली. "म्हणून तर साहेबांना शंका आली ना माझी!"

साहेब बरोबर चारला आले. त्यांनी फॉर्म दोनदा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

"म्हणजे अकराच बरोबर. मापं शंकास्पद का वाटली, ते मी विचारत नाही. पण बाई, तुमचा अभिप्राय कोरा आहे. त्याशिवाय मला सही करता येत नाही."

तिनं लिहिलं : कारण पाहिले. समाधानकारक आहे.

साहेबांनी सही ठोकली. "तुम्हाला कायम करायची शिफारस करतो. आणि रखवालदार, तुम्हाला लेखी ताकीद. दगड आजच्या आज दहा मीटर बाहेर."

गाडी गेली. त्यानं पहार लावली, तिनं टेप धरली. दहा मीटरवर तो थांबला, तर ती म्हणाली, "अजून." झाडाच्या सावलीत आल्यावर तिनं टेप गुंडाळली.

"रस्त्याकडे तोंड करून ठेवू?" त्यानं विचारलं.

"नको," ती दगडाच्या अर्ध्या भागावर बसत म्हणाली. "रस्ता बघायचं काम संपलं तुझं."