वरच्या खोलीचं उत्तर

"आज संध्याकाळपर्यंत सर्व्हर ठीक झाला नाही, तर उद्यापासून येऊ नकोस, असं मालक म्हणालेत," ऋतिका म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

पौडच्या एसटी स्टँडसमोर सुलक्षणाचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. सोबतीला तिचे मदतनीस बंडोपंत. मन मोठं, डोकं जरा सावकाश.

"सोमवारी मी रुजू झाले. तेव्हापासून डीएफ कमांड अडकते. कुठल्या डिस्कवर किती जागा उरली, ते ती सांगते. आता नुसती थांबून राहते. चूकसुद्धा दाखवत नाही."

"म्हणजे तूच काहीतरी केलंस," बंडोपंतांनी निकाल देऊन टाकला.

"बंडोपंत, कावळा बसायला अन् फांदी तुटायला गाठ पडते कधीकधी," सुलक्षणा म्हणाली.

नेरे गावात घरमालकीण रत्नाबाईंच्या नव्या इमारतीत तळमजल्यावर ऋतिकाची कंपनी होती. सर्व्हर सांभाळणारा कौस्तुभ समोर आला. दाढी वाढलेली.

"फक्त इथल्याच डिस्कची जागा विचारा," सुलक्षणा म्हणाली. उत्तर झटकन आलं.

"आता सगळ्या."

कौस्तुभने कमांड दिली आणि नकळत छताकडे पाहिलं. उत्तर काही येईना. सर्व्हरच्या मागून एक निळी वायर निघून खिडकीबाहेर वर गेली होती.

अंगणात रत्नाबाई पावटे सोलत बसल्या होत्या.

"वर कोण राहतं?"

"ज्ञानदा व्हती. हितंच कामाला. सोमवारी अमरावतीला गेली, कायमची. तिचा कंप्यूटर हाय अजून वर, माणूस पाठवून नेते म्हनली. म्या कुलूप लावलं अन् मेन स्विच पाडला. बंद खोलीत लाईट चालू ठेवत न्हाई आमी."

सुलक्षणाने मालकांसह सगळ्यांना सर्व्हरपाशी बोलावलं.

"साप साप म्हणून तुम्ही भुई धोपटत होता. इथली डिस्क चटकन बोलते, म्हणजे सर्व्हर धड आहे. सगळ्यांची जागा विचारली की अडतं, म्हणजे कुणीतरी उत्तर देत नाही, आणि ते इथलं नाही. वायर वर जाते. वरच्या कंप्यूटरची डिस्क इथे जोडलेली आहे. मेन पडला, तो गप्प झाला. कमांड बिघडलेली नाही. ती वाट बघतेय."

रत्नाबाईंनी कुलूप काढून मेन चढवला, ऋतिकाने वर जाऊन बटण दाबलं. थोड्या वेळाने अडकलेली कमांड आपोआप पुरी झाली.

"उद्या वेळेवर ये," मालक ऋतिकाला म्हणाले आणि निघून गेले.

"पण वरची डिस्क इथे जोडली कुणी?" बंडोपंतांनी विचारलं.

"ज्याने छताकडे पाहिलं त्याने. कौस्तुभ, तुम्हाला सगळं ठाऊक होतं. या पोरीची नोकरी जात होती!"

"सांगितलं असतं, तर ती डिस्क काढून टाकावी लागली असती." त्याला वर बघवेना. "चुकलो, ऋतिका. रोज संध्याकाळी ज्ञानदा वर गाणी साठवायची. तिच्या डिस्कवरची जागा थोडी कमी व्हायची. मला इथे कळायचं, ती घरी आली. तेवढ्यासाठीच मी रोज डीएफ द्यायचो."

"आता काढून टाकू?" ऋतिकाने हळूच विचारलं.

"एकदाच बघतो."

त्याने पुन्हा कमांड दिली. उत्तर लगेच आलं. वरच्या खोलीतली जागा रविवारी होती तेवढीच होती.