सातव्या बैलाची गाठ

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, हे माझ्या सख्ख्या बाबांसोबत घडलंय.

मी अपर्णा. रायपूरच्या गुढियारीत राहते. गेल्या जानेवारीत, एका रविवारी, भर दुपारी बाबांना कृषी मेळ्यात नेलं. बाबा म्हणजे धर्मपाल, रेल्वेतून रिटायर. हल्ली विसरायला लागलेत.

मी मिरचीचं बियाणं बघायला वाकले. वळून पाहिलं...

बाबा नव्हते.

दोन तास शोधलं. ट्रॅक्टरांच्या रांगा, पंपांचे स्टॉल, संडाससुद्धा. हाका मारून घसा बसला.

शेवटी मेळा समितीच्या विजयाताईंना मोबाईलमधला बाबांचा फोटो दाखवला. त्या बघतच राहिल्या.

"हे तर धर्मपाल भैया! तुले सांगितलं नाही त्यांनी? पहिले इथं बैलबाजारच भरे, त्या भिंतीमागं. बावीस वर्षं झाली, गोठ्याले आग लागली. भैया आत घुसले. सहा बैल सोडवले. सातव्याची गाठ सुटली नाही... तवापासून इथं बैल आणणंच बंद झालं."

बाबा घरी याबद्दल कधी एक शब्दही बोलले नव्हते.

तेवढ्यात भिंतीमागून घुंगरं वाजली...

"आता तर इथं एकबी जनावर नसते," विजयाताई पुटपुटल्या.

मी धावले. मागे नुसतं उघडं मैदान. गोठा नाही, खुंटा नाही.

मधोमध बाबा गुडघ्यांवर बसलेले. बोटं हवेतच चालत होती.

"बाबा! काय करून राहिले?"

"थांब वं पोट्टी... गाठ सुटून नाही राहिली. हंबरून राहिला तो."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. घुंगरंही थांबली होती.

मी त्यांचे हात ओढले. तळवे भाजलेले. ताजे फोड... सदऱ्यावर साधा डागही नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "आग कहाँ लगी थी?"



जखमा भरल्या. बाबा मात्र तिथंच अडकलेत. रोज दुपारी दाराशी येतात. माझ्यापुढे हात जोडतात.

"मले जाऊ दे वं. बांधलेला हाय तो."

बाप असा हात जोडतो ना, तेव्हा जीव नकोसा होतो.

भाऊ प्रशिक परवा म्हणाला, "दीदी, एक बार ले चलते हैं ना."

मी बाबांच्या खोलीला बाहेरून कुलूप लावलं.

पुढच्या आठवड्यात मेळा परत भरतोय. हे लिहितेय, तेव्हाही बाबा आतून कडी हलवताहेत...

नेलं, आणि या वेळी गाठ सोडवल्याशिवाय ते त्या आगीतून बाहेर आलेच नाहीत तर?